वजनकाट्यावरची बुद्धी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बुद्धिगुणांक, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘आयक्यू’ म्हणतो, तो शब्द आता मानसशास्त्राच्या पुस्तकापुरता राहिलेला नाही. पालकसभेत, लग्नाच्या बोलणीत, चहाच्या टपरीवरही तो कानावर पडतो. ‘त्याचा आयक्यूच कमी आहे’ असं म्हणताना, जणू त्या माणसाला काट्यावर उभं करून त्याची बुद्धी किलोत मोजून आणली आहे, असा आपला सूर असतो. गंमत अशी की, ज्यानं ही मोजणी सुरू केली त्याला नेमका हाच सूर नको होता.

आल्फ्रेड बिने हा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. जन्म १८५७ चा. त्याच्या काळात बुद्धी मोजायची म्हणजे डोकं मोजायचं अशी समजूत होती, आणि ती अडाण्यांची नव्हे, पॅरिसच्या नामवंत विद्वानांची. बिनेही शाळाशाळांतून हिंडला. हुशार मुलांची आणि मागे पडलेल्या मुलांची डोकी त्यानं मोजली. फरक निघाला तो मिलिमीटरांत, तोही कधी इकडे कधी तिकडे. मग त्याला स्वतःचीच शंका आली. कोणतं मूल हुशार हे आधीच ठाऊक असलं, तर मोजणारा हात नकळत माप वाढवून घेत नसेल कशावरून? ही शंका त्यानं मनात ठेवली नाही, लिहून छापली. असा संशोधक विरळा. डोक्यांचा नाद त्यानं सोडला. घरी आपल्या दोन मुली विचार कसा करतात हे तो बारकाईनं टिपत असे. ती वाट त्याला अधिक भरवशाची वाटली.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली आणि काही मागे पडू लागली. अशा मुलांचं काय करायचं हे ठरवण्यासाठी १९०४ साली सरकारनं एक समिती नेमली. वेगळ्या शिकवणीची गरज कोणाला आहे, हे ओळखायचं कसं? केवळ शिक्षकाच्या शब्दावर विसंबलं, तर वर्गात दंगा करणारं पोरही ‘मंद’ म्हणून बाहेर जाण्याची भीती. बिने त्या समितीवर होता. १९०५ साली त्यानं आणि त्याचा सहकारी डॉक्टर थिओडोर सिमाँ यानं ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. सुरुवात अगदी साधी: पेटती काडी डोळ्यांपुढून फिरवली तर मुलाची नजर तिच्यामागे जाते का? शेवटी अमूर्त कल्पनांमधला फरक सांगायचा. पाठांतर मोजायचं नव्हतं, समज मोजायची होती.

१९०८ साली त्यानं हे प्रश्न वयावार लावले. आता कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हे ठरवलं कुणी? खुद्द मुलांनी. प्रश्न सर्वसाधारण मुलांना विचारून पाहिले. ज्या वयाच्या बहुतेक मुलांना तो जमला, त्या वयाच्या खात्यात तो टाकला. तीन वर्षांच्या मुलानं आपलं नाक, डोळे, तोंड दाखवावं. चार वर्षांच्यानं किल्ली, चाकू, नाणं यांची नावं सांगावीत. सहा वर्षांच्या मुलापुढे दोन चेहऱ्यांची चित्रं ठेवून ‘यातलं सुंदर कोणतं?’ असंही विचारत. (हा प्रश्न कवींना विचारू नये, परीक्षा संपायची नाही.) मूल ज्या वयापर्यंतचे प्रश्न सोडवी, ते त्याचं ‘मानसिक वय’. म्हणजे उत्तरपत्रिकेवरचा आकडा हा बुद्धीचा साठा नव्हताच. ‘हे मूल आपल्या बरोबरीच्यांच्या रांगेत कुठे उभं आहे’ एवढंच तो सांगत होता. बुद्धी जन्मजात ठरलेली आणि न हलणारी, हे मत बिनेला मान्य नव्हतं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यानं मनाचे व्यायाम सुचवले. त्यात पुतळ्यासारखं स्तब्ध बसायचा एक खेळही होता, लक्ष एकाग्र करण्यासाठी. १९११ साली तो वारला.

पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायची सूचना केली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मननं १९१६ साली आलेल्या अपूर्णांकाला १०० नं गुणलं. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सहा, तर गुणांक ७५. हिशेब सुटसुटीत झाला आणि तिथेच घोटाळा झाला. मुलाचं वर्णन गेलं, त्याच्या कपाळावर एक आकडा उरला.

त्या आकड्याला मोकळं रान मिळालं ते पहिल्या महायुद्धात. १९१७ पासून रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली अमेरिकी सैन्यातल्या साडेसतरा लाखांच्या आसपास जवानांची चाचणी झाली. इंग्रजी वाचणाऱ्यांना ‘अल्फा’ ही लेखी चाचणी, बाकीच्यांना ‘बीटा’ ही चित्रांची. अल्फात एक प्रश्न होता: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हा त्या काळचा तिथला वनस्पती तुपाचा छाप. आपल्याकडे ‘डालडा म्हणजे काय?’ असं विचारून परदेशी पाहुण्याची अक्कल ठरवावी, तसला हा प्रकार. बीटात अपुरी चित्रं पुरी करायची. एका चित्रात टेनिसच्या मैदानात जाळी नव्हती. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्या शेतमजुरानं टेनिस कुठे पाहिलं असणार?

निकाल आला, की गोऱ्या अमेरिकी जवानाचं सरासरी मानसिक वय तेरा वर्षं! पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली साधा सवाल केला: प्रौढांची सरासरी बुद्धी प्रौढांच्या सरासरी बुद्धीहून कमी कशी असेल? पण खरी मेख पुढे आहे. परदेशातून येऊन वीस वर्षं झालेल्यांचे गुण तिथे जन्मलेल्यांच्या जवळपास होते, नुकतेच आलेल्यांचे कमी. भाषा आणि रीतभात अंगवळणी पडली की गुण वाढतात, हा अर्थ पोरालाही कळेल. कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या पुस्तकात उलटा अर्थ काढला: पूर्वी चांगल्या वंशाचे लोक येत, आता हलक्या वंशाचे येतात. १९२४ साली दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना दार जवळजवळ बंद करणारा कायदा झाला. त्यामागे कारणं अनेक होती, पण अशी ‘शास्त्रीय’ आकडेवारीही तयार होती. १९३० साली ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. कायदा मात्र होता तिथेच राहिला.

व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीचं मानसिक वय याच बिनेच्या कसोटीच्या अमेरिकी अवतारानं नऊ ठरवलं. तिची आई, ती आणि तिची काही महिन्यांची मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धी ठरवून १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ती मुलगी पुढे शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत आली.

हिशेबातली चूक १९३९ साली डेव्हिड वेक्स्लर यांनी दुरुस्त केली. मानसिक वय चाळिशीपर्यंत वाढत राहत नाही, मग प्रौढांसाठी भागाकार करायचा कसा? त्यांनी भागाकारच सोडला. माणसाची तुलना त्याच्या वयोगटाशी करायची. गटाची सरासरी १०० धरायची आणि सरासरीपासूनचं अंतर मोजायचं. साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ मध्ये येतात, ७० च्या खाली शंभरात दोनेक. मात्र ज्या गटाशी तुलना करायची तोही स्थिर नसतो. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की अमेरिकेत दर दशकाला सरासरी तीन गुणांनी वर सरकते आहे. म्हणून जुन्या तक्त्यावर आज गुण मोजले, तर ते फुगून दिसतात.

या चाचण्यांत ‘यांत न बसणारं कोणतं?’ किंवा ‘यांत साम्य काय?’ असे प्रश्न हमखास असतात. रशियाचे अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना असेच प्रश्न विचारत होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका, वेगळं काय? शाळेत शिकलेला म्हणेल, ओंडका, कारण तो अवजार नाही. शेतकरी म्हणत, चारही हवेत. ओंडकाच नसेल तर करवत कापणार काय? कुणीतरी ओंडका वगळला आहे असं सांगितल्यावर एकानं तर्क केला, त्या माणसाच्या घरी लाकूडफाटा मुबलक असेल. गुण शून्य. पण या उत्तरात अक्कल नाही असं मला तरी म्हणवत नाही.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी घडवली. १९३४ साली त्यांचा लेख आणि १९४० साली पुस्तक प्रसिद्ध झालं. ही ‘बिने-कामत’ चाचणी पुढे कित्येक दशकं देशभर वापरली गेली. कामतांचं मोठेपण असं, की परदेशी प्रश्नांचं नुसतं भाषांतर न करता त्यांनी ते इथल्या मुलांवर पारखून घेतले. तरी ‘मराठी मूल’ म्हणजे एकच मूल नव्हे. आमच्यासारख्या घरांत आईची बोली दखनी आणि शाळेची भाषा मराठी. चार वर्षांचं पोर किल्लीला चाबी म्हणेल, सुरीला छुरी. ते उत्तर बरोबर धरायचं की नाही हे आधी ठरवून सगळ्यांना सारखंच लावणं, याला प्रमाणीकरण म्हणतात. तपासनीस थकलेला असला, घाईत असला, तर चाबी चुकते. कोकणातल्या, खानदेशातल्या, पाड्यावरच्या मुलाचीही तीच गत.

आज हा आकडा दिव्यांगाच्या प्रमाणपत्रापर्यंत जातो. त्यावर सवलत, शाळा, कधी पेन्शन अवलंबून असते. चांगल्या अहवालात नुसता ७२ नसतो, साधारण ६७ ते ७७ असा पल्ला दिलेला असतो, कारण तेच मूल दुसऱ्या दिवशी चार गुण इकडे तिकडे होऊ शकतं. २०१६ च्या कायद्यानंही बौद्धिक अक्षमता केवळ गुणांकावर ठरवलेली नाही. रोजच्या व्यवहारातली अडचणही पाहावी लागते. मूल स्वतः कपडे घालतं का, रस्ता ओलांडतं का, दुकानातून सामान आणून उरलेले सुट्टे पैसे परत देतं का? हे आईला ठाऊक असतं. म्हणून चाचणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आईलाही आत बोलावतात, आणि तिची उत्तरंही कागदावर उतरवून घेतात.