एक चित्रपट, एक तबकडी आणि एक सतार

मंडळी, सिनेमातले गाणे कसे तयार होते हे आपल्याला साधारण ठाऊक आहे. आधी कथा ठरते. कथेत एखादा प्रसंग येतो. मग कवीला सांगतात, “इथे एक गाणे हवे.” कवी लिहितो, संगीतकार चाल बांधतो, गायिका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभी राहून गाते, आणि पडद्यावर ओठ हलवणारी नटी निराळीच असते. म्हणजे गाणे जन्माला येते ते कथेच्या पोटी.

आता याच्या उलट कल्पना करा. गाणारे आधी, त्यांचे नाव आधी, आणि त्यांची गाणी दाखवायची म्हणून कथा नंतर! इंग्लंडात १९६५ साली असे घडले. हकीकत परदेशची आहे खरी, पण तिचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोचतो.

लिव्हरपूल हे इंग्लंडातले एक मोठे बंदर. तिथल्या चार तरुणांचा एक मेळ होता. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. सगळी साध्या घरची पोरे. हॅरिसनचे वडील तर बस चालवीत. विजेवर चालणाऱ्या गिटारी, ढोल आणि ठेक्यावर जोर देणारे गाणे, याला तिकडे ‘रॉक’ म्हणतात. या चौघांच्या मेळाचे नाव ‘बीटल्स’. गाणी बहुतेक तेच रचायचे, वाजवायचे तेच आणि गायचेही तेच. १९६४ साली त्यांचा पहिला चित्रपट निघाला आणि तो फार चालला. चित्रपट कंपनीच्या नजरेपुढे पडद्याइतकीच तबकडी होती. सिनेमा लोक एकदा पाहतात, तबकडी रोज ऐकतात, हा त्यातला हिशेब. तो बरोबर ठरला, आणि लगेच दुसऱ्या चित्रपटाची तयारी सुरू झाली.

या दुसऱ्या चित्रपटाचे नाव ‘हेल्प!’. दिग्दर्शक पहिल्याचेच, रिचर्ड लेस्टर. काम कसे झाले ते पाहा. १९६५ च्या फेब्रुवारीच्या १५ तारखेला हे चौघे लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणालयात गेले, आणि त्या एका आठवड्यात बरीचशी गाणी मुद्रित करून मोकळे झाले. २३ तारखेला दूर बहामा बेटांवर चित्रीकरण सुरू! तिथून ऑस्ट्रियाच्या बर्फात, तिथून परत लंडनला. गाणी आधी हातात होती. दिग्दर्शकाने त्यातली निवडून कथेत बसवली.

एक अडचण मात्र राहिली. चित्रपटाचे नावच पक्के होईना. शेवटी ‘हेल्प!’, म्हणजे ‘मदत करा हो!’, हे नाव ठरले, आणि नाव ठरल्यावर त्या नावाचे गाणे हवे झाले. ते लेननने लिहिले, आणि एप्रिलच्या १३ तारखेला ते मुद्रितही झाले. उडत्या चालीचे गाणे, लोकांनी ते आनंदाने उचलले. पण पुढे कितीतरी वर्षांनी मुलाखतीत लेननने सांगितले, की त्या वेळी आपण खरोखरच मदतीसाठी हाक मारीत होतो. कीर्ती आली, पैसा आला, आणि माणूस आतून हरवला होता. मागणीप्रमाणे लिहायला बसला आणि मनातले खरे बोलून गेला! स्वतःला लिहिल्यानंतरच ते कळले.

शिक्षकबंधूंनो, आपणही संमेलनासाठी, पाहुण्यांच्या स्वागतासाठी सांगितल्यावरून गाणी लिहिता. ‘हे काय, हुकमी काम!’ असे म्हणून आपणच त्याला कमी लेखतो. पण काम हुकमी असले म्हणून ते खोटेच असते असे नाही, एवढे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

जुलैच्या अखेरीस चित्रपट लागला आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी त्याच नावाची मोठी तबकडी बाजारात आली. तिच्यावर एकूण १४ गाणी. पहिल्या बाजूला चित्रपटातली ७, दुसऱ्या बाजूला चित्रपटात नसलेली ७. म्हणजे एकच तबकडी अर्धी सिनेमाची आणि अर्धी स्वतंत्र. मौज अशी, की तिच्यातले जे गाणे पुढे जगभर सगळ्यांत जास्त गाइले गेले, ते ‘यस्टरडे’, सिनेमातले नाहीच. ते दुसऱ्या बाजूचे! त्यात मॅकार्टनी एकटाच गातो. सोबतीला त्याचीच गिटार, दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो. ढोल नाही, बाकीचे तिघे नाहीत. अमेरिकेत मात्र याच नावाची तबकडी निराळी निघाली. तिच्यावर सिनेमातली ती ७ गाणी आणि मध्येमध्ये केन थॉर्न यांचे पार्श्वसंगीत. तिथल्या श्रोत्याला या तबकडीवर ‘यस्टरडे’ मिळालेच नाही. तबकडीच्या वेष्टनावर नाव तेच, पण आतला माल व्यापाऱ्याने देश पाहून बदललेला.

आता आपल्याकडे येणारा धागा. चित्रपटाची कथा अगदी फार्साची आहे. पूर्वेकडची एक भयंकर देवी, तिला नरबळी देणारे भक्त, आणि बळीच्या बोटातली अंगठी येऊन अडकते ती रिंगोच्या बोटात! मग सगळा पाठलाग. देवीचे नाव ‘कैली’. कोणत्या नावाची ही मोडतोड आहे, हे सांगायला नको. आपल्यापैकी कुणाला हे खटकेल, आणि खटकणे गैर नाही. हिंदुस्थान म्हणजे जादूटोणा आणि क्रूर देवता, ही तिकडची जुनी समजूत. तिच्यावरच हा विनोद उभा होता.

पण गंमत पाहा. त्याच चित्रपटात लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाचा प्रसंग आहे. त्यासाठी काही भारतीय वादक आणून बसवले होते. एप्रिल महिन्यात हे चित्रीकरण चालू असताना, दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात, हॅरिसनने तिथली सतार सहज उचलून पाहिली. देखाव्यासाठी आणलेली वस्तू! पण तिचा आवाज त्याच्या मनात राहिला. त्याने लंडनच्या एका दुकानातून एक सतार विकत घेतली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बीटल्सच्या एका गाण्यात ती वाजवलीही. शिक्षण काही नाही, नुसती हौस.

हौसेला गुरू भेटला तो १९६६ च्या जूनमध्ये. पंडित रविशंकर यांची आणि त्याची लंडनमध्ये गाठ पडली आणि धडे सुरू झाले. त्या धड्यांतली एक गोष्ट हॅरिसनने स्वतः सांगितली आहे. टेलिफोन वाजला म्हणून तो उठला आणि खाली ठेवलेली सतार ओलांडून जाऊ लागला. पंडितजींनी त्याच्या पायावर चापट मारली आणि वाद्याचा मान राखायला सांगितले. जगभर ज्याच्यासाठी पोरी किंचाळत होत्या, त्याला ही चापट! आणि त्याने ती मुकाट्याने घेतली. आपल्या घरी पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, तोच हा धडा.

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. कुणी ओळखू नये म्हणून पंडितजींच्या सांगण्यावरून त्याने मिशाही वाढवल्या होत्या. पण लोकांनी ओळखलेच, आणि शेवटी त्यांना शिकवणीसाठी काश्मीरला जावे लागले. पुढे जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईला आला तो ‘वंडरवॉल’ नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्ट भागातल्या एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणालयात आपले वादक जमले. सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबल्यावर महापुरुष मिश्र, शिवाय सनई, बासरी, तारशहनाई. प्रसंग किती सेकंदांचा ते हॅरिसनने घड्याळ लावून मोजून ठेवले होते, आणि तेवढ्या मापाचे तुकडे हे कलावंत वाजवीत होते. आता वादक देखाव्यासाठी बसवलेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या वाद्यावर विनोद झाला, तेच चित्रपटाचा एक मुख्य आवाज झाले.

हॅरिसन मोठा सतारिया झाला का? नाही. लहानपणापासून दिवसदिवस रियाज करणाऱ्यांची बरोबरी आपल्याकडून होणार नाही, हे त्याने स्वतःच ओळखले आणि तो आपल्या गिटारीकडे परतला. यातही शहाणपण आहे. विद्या पुरती आली नाही, तरी तिच्यापुढे नम्र व्हायला तो शिकला. आणि गुरूचे नाते त्याने सोडले नाही.

ते नाते कसोटीला लागले १९७१ साली. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते. रविशंकरांचे घराणे मूळचे बंगालचे. त्यांचा जीव कळवळला आणि त्यांनी हॅरिसनला मदत मागितली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात दोन जलसे झाले. आरंभी रविशंकर, अली अकबर खान आणि तबल्यावर अल्लारखाँ बसले. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या! पंडितजी हसून म्हणाले, जुळवणेच एवढे आवडले तर वाजवणे त्याहून आवडेल अशी आशा आहे. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. त्या जलशाच्याही तबकड्या निघाल्या आणि चित्रपटही निघाला.

मंडळी, १९६५ साली ‘मदत करा’ हे एका विनोदी चित्रपटाचे नाव होते. सहा वर्षांनी तीच हाक खरी आली, आणि ज्याने सिनेमाच्या सामानातली सतार गमतीने उचलली होती तो धावून गेला. शाळेच्या कपाटात एखादी धूळ खात पडलेली पेटी असेल, एखादा तबला असेल. एखादे पोर तिथे घुटमळताना दिसले, तर त्याला हाकलू नका. वाजवू द्या. आणि वाद्य ओलांडू लागले, तर तेवढे मात्र जरूर सांगा.