सातबारा दुरुस्तीत अडकतो तेव्हा : पेन्सिलीच्या नोंदीपासून सर्व्हरपर्यंत

आजच्या भागात एका सरकारी कागदाची गोष्ट आहे. पण सुरुवात करू त्र्यंबकेश्वरापासून. त्र्यंबकला गेलात, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे लांबट वह्यांची गाठोडी दिसतात. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, की गुरुजी बरोबर ती वही काढतात आणि पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. ही आपल्याकडची फार जुनी माहिती साठवण्याची पद्धत. ती टिकली, कारण तिचा नियम साधा आहे : आलेल्याचं नाव खाली जोडायचं, वरचं काही खोडायचं नाही.

त्याच त्र्यंबक तालुक्यात, हरसूलकडे किंवा ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या एखाद्या गावात, दुसरीही एक वही असते. तलाठ्याची. तिच्यात मात्र रोज खोडावं लागतं. म्हातारा वारला की त्याचं नाव जातं, वारसांची येतात. कर्ज घेतलं की बोजा चढतो, फेडलं की उतरतो. म्हणजे हिचा स्वभावच वेगळा. आणि ही वही संगणकावर चढवायला गेलो, तेव्हा काय झालं, ते आज बघायचंय.

आधी थोडं मागे जाऊ. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि इंग्रजांना प्रश्न पडला, की कुणाची जमीन किती आणि सारा किती घ्यायचा? पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस मोठी मोजणी केली. कागदावर पद्धत अतिशय शास्त्रशुद्ध. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा. पण हाताखालच्या लोकांनी मोजमापं चुकीची भरली, कुठे लाच घेऊन भरली. सारा बसला अव्वाच्या सव्वा आणि लोक जमीन टाकून निघून गेले. नवी यंत्रणा बसवली खरी, पण तिच्यावर काम चालेना.

मग १८३५ मध्ये इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांनी काय केलं? पद्धत सोपी केली. ३३ फुटांची साखळी घेतली. आपला गुंठा आजही ३३ फूट बाय ३३ फूट आहे, तो तिथूनच. शेताला दगडाच्या खुणा घातल्या, नंबर दिला, मातीची प्रत ठरवली आणि मुख्य म्हणजे खालच्याने केलेलं काम वरच्याने जागेवर जाऊन पुन्हा तपासायचं, असा दंडक घातला. १८४७ च्या संयुक्त अहवालात हे सगळं नियमबद्ध झालं. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, गावनमुने ठरले. त्यातला नमुना ७ म्हणजे जमीन कुणाची, नमुना १२ म्हणजे पीक काय. दोन्ही एका कागदावर आले, म्हणून सातबारा.

आता इथे एक बारकावा आहे, तो नीट ऐका. सातबारा थेट बदलत नाही. आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घालायची. संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. हस्तलिखित सातबाऱ्यावर तोवर ती नोंद पेन्सिलीने असायची. मंजूर झाली की शाईने, आणि जुन्या नावाला कंस. कंस म्हणजे 'हा हक्क संपला'. किती सुंदर सोय बघा! कच्चं, पक्कं आणि संपलेलं, तिन्ही एका कागदावर डोळ्यांना दिसायचं.

संगणकाला पेन्सिल ठाऊक नाही. आणि कागद टाइप करताना कंस राहिला, तर वारलेला माणूस पुन्हा मालक होतो.

केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला वर्धा होता. पुढे वीसेक वर्षं सातबारे टाइप होत राहिले. २००८ नंतर राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि त्यातून ई-फेरफार. म्हणजे नोंद थेट ऑनलाइन घालायची आणि मंजूर झाली की सातबारा आपोआप बदलणार. आणि इथे गाडी अडली.

का अडली? कारण कागदी दप्तरात विसंगती शांतपणे झोपून होती. एका गटाचं एकूण क्षेत्र आकारबंदात एक, आणि त्यातल्या पोटहिश्श्यांची बेरीज दुसरीच. कुठे एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करताना चूक. कुठे सातबाऱ्यावर नाव आहे, पण त्याचा फेरफार क्रमांकच नाही. तलाठी आप्पांना हे तोंडपाठ असायचं, ते सांभाळून घ्यायचे. मशीन सांभाळून घेत नाही. बेरीज जुळली नाही, की थांबते.

म्हणून दुरुस्तीची वेगळी दालनं उघडली, आधी एडिट, मग री-एडिट. गाव त्या दालनात गेलं की तपासणी, विसंगतीचे अहवाल, पुन्हा दुरुस्ती आणि शेवटी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत घोषणापत्रं, की आता संगणकातला आणि हस्तलिखित सातबारा तंतोतंत जुळतो. ही घोषणा होईपर्यंत गाव अधांतरी. यंत्रणा बसलेली आहे, चालू आहे, पण तिची सेवा घेता येत नाही. त्यात सर्व्हर संथ. दिवसा चालत नाही म्हणून तलाठी रात्री जागून कामं करत होते, त्यांच्या संघटनांनी आंदोलनंही केली. आणि शेतकरी? पेरणी तोंडावर, पीककर्जाला सातबारा हवा आणि उत्तर एकच : 'गाव अजून दुरुस्तीत आहे.'

यावर उपाय काय काढला, तर तो जवळजवळ विंगेटचाच. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा छापायचा आणि गावासमोर मोठ्याने वाचायचा. 'अहो, तो आमचा चुलता, तो कधीच वारला!' असं कुणीतरी म्हणणार आणि चूक सापडणार. जी चूक प्रोग्रामला दिसत नाही, ती गावाला दिसते. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, तो या सगळ्या खटाटोपानंतर.

पण दुरुस्तीचं दालन जास्त काळ उघडं ठेवणंही धोक्याचं, हे लक्षात घ्या. जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १५५ खाली फक्त लेखनप्रमाद सुधारता येतो, हक्क बदलता येत नाही. आणि त्र्यंबकसारख्या आदिवासी तालुक्यात हा फरक जीवनमरणाचा आहे. १९७४ पासून कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. हे बंधन सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एका ओळीच्या शेऱ्याने दिसतं. टाइप करताना तो शेरा गळला, तर घेणाऱ्याला जमीन मोकळी वाटते. कायदा शाबूत असतो, पण नागली-वरई पिकवणाऱ्या माणसाला तो नंतर कोर्टकचेरीत सिद्ध करत बसावं लागतं. भात खाचरांच्या गावाशेजारी सिंहस्थाच्या निमित्ताने जमिनीचे भाव चढतात, तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळते.

तेव्हा तुमच्या घरी जुना हस्तलिखित सातबारा असेल, तर फेकू नका. ऑनलाइनचा काढा आणि शेजारी ठेवून वाचा. चार गोष्टी बघा : क्षेत्राची बेरीज, प्रत्येक नावापुढचा फेरफार क्रमांक, कंसातली नावं आणि इतर हक्कातले शेरे. फरक दिसला, तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात मोडी दप्तरांबद्दल बोलू. भेटूच.