जैतापूर: बंद केलेली भट्टी थंड होते का?

राजापूर बंदराकडे जाणारी गलबतं पूर्वी जैतापूरच्या खाडीतूनच आत शिरत. त्याच खाडीकाठी साखरी नाटे हे मच्छीमारांचं गाव आहे, वस्ती बहुतांशी मुसलमानांची. १८ एप्रिल २०११ रोजी अणुऊर्जा प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनात इथे पोलिसांनी गोळीबार केला आणि गावातला एक तरुण मच्छीमार मारला गेला. जवळच माडबनच्या सड्यावर सहा फ्रेंच अणुभट्ट्या नियोजित आहेत.

जमीन, मासळी आणि मोबदला यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते लिहायलाच हवं होतं. मला मात्र इथे भट्टीच्या पोटातल्या विज्ञानाचा इतिहास सांगायचा आहे. प्रकल्पवाल्यांचा भरवसा आणि गावकऱ्यांची भीती, दोन्हींची मुळं त्यात सापडतात.

१९३४ साली रोममध्ये एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की मंद गतीचे न्यूट्रॉन अणुकेंद्रकं फार सहज गिळतात. पुढे कळलं की काही केंद्रकं ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन अधाशासारखी गिळतात, पण ऊर्जा जराशी बदलली की त्यांना जाऊ देतात. यालाच रेझोनन्स म्हणतात, मराठीत संस्पंदन.

१९३६ साली नील्स बोर यांनी याचा उलगडा केला. उथळ लाकडी वाडग्यात बिलियर्डचे चेंडू, असं त्यांचं उदाहरण होतं. आपण परातीत गोट्या ठेवल्या आहेत असं समजू. बाहेरून एक गोटी जोरात सोडली तर ती दुसरीवर आपटते, दुसरी तिसरीवर, आणि जोर सगळ्यांत वाटला जातो. काठ ओलांडण्याइतका जोर कुणा एकीकडे उरत नाही. टकरा होत राहतात आणि कधीतरी योगायोगाने एकीच्या वाट्याला पुरेसा जोर येतो, तेव्हा ती बाहेर पडते. केंद्रकात शिरलेल्या न्यूट्रॉनचंही असंच होतं. आत गोंधळ, आणि बाहेर पडायची वाट अरुंद.

युरेनियम-२३८ चं पहिलं मोठं संस्पंदन ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे. न्यूट्रॉन गिळलेली ती अवस्था साधारण सेकंदाच्या चाळीस लाख कोटी भागांपैकी एक भाग टिकते आणि बहुधा गॅमा किरण सोडून शांत होते. हा वेळ नगण्य वाटेल, पण सुसाट न्यूट्रॉनला केंद्रक ओलांडायला जितका वेळ लागतो त्याच्या तो कोटी पटींच्या घरात आहे. टांगलेल्या तांब्याच्या परातीवर टिचकी मारली तर एकच स्पष्ट सूर बराच वेळ घुमतो, मडकं मात्र थप्प वाजून गप्प होतं. इथेही तसंच आहे. अवस्था जितकी जास्त टिकते तितकं तिचं संस्पंदन नेमकं आणि अरुंद.

अशी संस्पंदनं शेकडो. एकेकाचं गणित मांडणं अशक्य, म्हणून १९५० च्या दशकात युजीन विग्नर यांनी त्यांच्या सबंध घोळक्याचे नियम शोधले. हे गणित पक्कं करणाऱ्यांत राजस्थानात जन्मलेले मदनलाल मेहता होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ते १९५८ साली फ्रान्समधल्या सॅक्लेला गेले. ‘रँडम मॅट्रिसेस’ हा त्यांचा ग्रंथ १९६७ चा. १९८४ साली फ्रान्समध्येच बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी मांडलं की हेच नियम गोंधळी गतीच्या इतर क्वांटम व्यवस्थांनाही लागू पडावेत.

भट्टीत याचा उपयोग असा. इंधन तापलं की केंद्रकं जास्त थरथरतात आणि संस्पंदनं रुंदावतात. मग युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळतं आणि साखळी प्रक्रिया मंदावते. हा ब्रेक कुणी दाबावा लागत नाही, तो निसर्गाचाच आहे. प्रकल्पवाल्यांच्या भरवशाला इथे खरा आधार आहे.

पण साखळी थांबली म्हणजे भट्टी थंड झाली असं नाही. युरेनियम फुटून झालेली केंद्रकं अस्थिर असतात आणि त्यांचा ऱ्हास चालूच राहतो. असं केंद्रक कोणत्या क्षणी फुटेल हे कुणीच सांगू शकत नाही. ते म्हातारंही होत नाही, दर क्षणी त्याची शक्यता तीच असते. घोळक्याचा हिशेब मात्र पक्का आहे. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, सीझियम-१३७ तीस वर्षांत. या ऱ्हासाला कळ नाही. भट्टी बंद करताच तिच्या उष्णतेचा सहा-सात टक्के भाग उरतो, आणि दिवसभरानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी नेमकं हेच झालं. भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या. मग त्सुनामीने वीज आणि पंप नेले, आणि उरलेल्या उष्णतेने इंधन वितळलं. नाट्यातला गोळीबार त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला. तेव्हा घाबरलेल्या गावाला अडाणी म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

म्हणून प्रकल्पाची बाजू घेणाऱ्याने संस्पंदनाचा ब्रेक सांगून थांबू नये, आणि विरोध करणाऱ्याने तो ब्रेक नाहीच असं म्हणू नये. माझ्या मते विचारायचा प्रश्न एवढाच आहे: वीज गेली, समुद्राचं पाणी तुटलं, तर ऱ्हासाची उष्णता किती दिवस आणि कशाने काढणार? हे उत्तर मराठीत, आकड्यांसकट, नाट्याच्या जेटीवर उभं राहून द्यायला हवं.