ऑक्टोबर १९५६ : जागतिक घटना आणि नागपूर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासाचे कालखंड सामान्यतः राजवटी व युद्धे यांच्या आधारे पाडले जातात. परंतु कधीकधी एकच महिना संपूर्ण युगाचे अंतर्विरोध प्रकट करतो. ऑक्टोबर १९५६ हा असाच महिना होय. जागतिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हंगेरी व सुएझ यांच्यासाठी तो ओळखला जातो. विदर्भाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जागतिक पार्श्वभूमी :
२३ ऑक्टोबर रोजी बुडापेस्ट येथे विद्यार्थ्यांच्या मोर्चातून उठाव सुरू झाला. ४ नोव्हेंबरच्या सोव्हिएत लष्करी कारवाईने तो चिरडला गेला. इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी २६ जुलै रोजी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले होते. २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईवर आक्रमण केले व त्यानंतर ब्रिटन आणि फ्रान्स यांनीही हल्ले केले. भारताने सुएझ आक्रमणाचा तत्काळ निषेध केला. हंगेरीच्या प्रश्नावर मात्र संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ४ नोव्हेंबरला तो तटस्थ राहिला. या भूमिकेवर देशातही टीका झाली.

नागपूरचा ऑक्टोबर :
याच महिन्याच्या १४ तारखेला, अशोक विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. १९३५ मधील येवल्याच्या घोषणेनंतर २१ वर्षांच्या चिंतनातून हा निर्णय परिपक्व झाला होता. १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथेही दीक्षा समारंभ झाला.

महिनाअखेर नागपूरचे राजधानीपद संपुष्टात आले. १८६१ पासून मध्य प्रांताची व पुढे मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसह द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस स्वीकारली गेली नाही. भिवापूरसारख्या गावांसाठी राज्यकारभाराचे केंद्र जवळच्या नागपूरहून दूरच्या मुंबईस गेले.

निष्कर्ष :
बुडापेस्ट व सुएझ येथे शस्त्रबळाने निर्णय लादण्याचा प्रयत्न झाला. विदर्भाचे राजकीय भवितव्य संसदेच्या कायद्याने ठरले. तरी स्वतंत्र राज्याची मागणी शमली नाही. दीक्षाभूमीवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या अवमानित झालेल्या समाजाने आपला निर्णय स्वतः घेतला, तोही रक्ताचा थेंब न सांडता. म्हणूनच ऑक्टोबर १९५६ चा जागतिक इतिहास लिहिताना नागपूरला तळटीपेत नव्हे, तर मुख्य मजकुरात स्थान देणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.