कात्रजचं पाणी आणि माझ्या वॉकमधला एक शब्द

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी: बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

ऑफिसमध्ये रिलीज होतं, त्यामुळे हा भाग लांबला. त्याबद्दल आधी सॉरी.

पुण्याच्या जुन्या पेठांमधून आम्ही महिन्यातून एका रविवारी वॉक काढतो, हे नेहमीच्या लोकांना माहीत आहे. आज त्याच रस्त्याने तुम्हाला बसल्या जागी फिरवून आणणार आहे. पण त्याला एक कारण आहे. या वॉकमध्ये दोन वर्षं मी एक वाक्य चुकीचं सांगत होतो. जवळपास दीडदोनशे लोकांनी ते ऐकलं असेल. त्यातले काही जण हा पॉडकास्ट ऐकतात. तर हा भाग म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती आहे असं समजा.

चला, सकाळचे सात वाजलेत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे आहोत.

शनिवारवाडा: भूत सोडून बाकी गोष्टी

इथे आलेल्या दहापैकी सात जणांना भुताची गोष्ट हवी असते. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून, 'काका मला वाचवा' आणि अमावास्येच्या रात्री येणारे आवाज. खून खरा आहे. आवाजांचं तुम्ही बघा.

१० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी पुणं घेतलं, वाड्यावर युनियन जॅक लागला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागून आतल्या लाकडी इमारती गेल्या. त्यामुळे आज आत शिरल्यावर जोती, हिरवळ आणि सेल्फी काढणारी मंडळी एवढंच दिसतं.

पण हिरवळीच्या मध्ये हजारी कारंजं आहे, कमळाच्या आकाराचं. तिथे थांबून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. अठराव्या शतकात वीज नाही, पंप नाही, तर कारंजं उडायचं कसं?

कुणीतरी हमखास म्हणतं, 'नदी आहे ना शेजारी!' मुठा अगदी शेजारीच आहे, पण ती खाली आहे आणि वाडा वर. पाणी आपणहून चढ चढत नाही. कारंजं उडवायचं तर पाणी त्याच्याहून उंचावरून यायला हवं.

उतारावर चालणारी सिस्टिम

ते यायचं कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बांध घालून तलाव केले. तिथून शहरापर्यंत आठ-दहा किलोमीटर जमिनीखालून दगड-विटांचा बंदिस्त नळ आणला. नळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पाइप येतो, पण माणूस आत उतरून चालू शकेल एवढं भुयारच म्हणा. कात्रज उंचावर, पेठा खालच्या अंगाला, त्यामुळे उतार बरोबर साधला की पाणी आपोआप पुढे सरकत राहतं. ना इंधन, ना मोटार, ना लोडशेडिंगचं टेन्शन.

वाटेत ठरावीक अंतरावर 'उच्छ्वास' बांधले. दगडी, चौकोनी, छोट्या बुरुजासारखे. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडायची, आणि गाळ काढायचा किंवा कुठे तुंबलंय ते बघायचं तर माणसाला तिथून आत उतरता यायचं. साताऱ्याच्या रस्त्याने जाताना काही उच्छ्वास अजून दिसतात. बसमधून बघणाऱ्याला वाटतं, असेल काहीतरी जुनं.

शहरात आल्यावर हे पाणी वाड्यांतल्या आणि पेठांतल्या हौदांमध्ये खेळवलं जायचं. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावच्या बाजूने आणि सरदार रास्त्यांनी कोंढव्याच्या बाजूने स्वतंत्र नळ आणले. खडकवासल्याचं पाणी येईपर्यंत या जुन्या शहराची तहान मुख्यतः असल्या नळांवर, विहिरींवर आणि नदीवर भागत होती.

मी दिवसभर सर्व्हर का पडला ते शोधणारा माणूस. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही सिस्टिम बघून मी भारावून जातो. माझी गडबडही तिथूनच सुरू झाली.

कसब्यातून बुधवारात

रस्ता ओलांडला की लाल महाल. शिवाजी महाराजांचं बालपण इथलं, आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्ताखानाची बोटं छाटली तीही इथेच. मूळ वास्तू मात्र राहिलेली नाही. आज दिसते ती महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली. लोक हे ऐकून जरा हिरमुसतात, पण सांगायला हवं.

तिथून कसबा गणपती, ग्रामदैवत, आणि मग फडके हौद चौक. या चौकाचं नाव रिक्षावाल्यापासून डिलिव्हरीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, पण 'हौद कुठाय?' म्हणून विचारलं तर लोक एकमेकांकडे बघतात. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद, ही नावंही अशीच. पत्त्यात टिकलेली.

या टप्प्यावर वॉकमध्ये हशा पिकतो तो देवांच्या नावांवर. पासोड्या विठोबा, कारण आसपास पासोड्या विकल्या जायच्या. तुळशीबागेजवळ जिलब्या मारुती. शिवाय उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा, दाढीवाला दत्त, खुन्या मुरलीधर. देवालाही टोपणनाव दिल्याशिवाय पुणेकराला चैन पडत नाही.

सगळे हसत असताना मी माझं आवडतं वाक्य टाकायचो: 'मंडळी, हे पाणी पेशव्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं.' टाळ्या पडायच्या.

'सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठी?'

हे वाक्य माझ्याकडे आलं आजीकडून. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आजी तेव्हा सोळा वर्षांची, नारायण पेठेत राहायची. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले, तेव्हा घागरी घेऊन जुन्या हौदावर पाण्याला जायचो, ही तिची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीये. 'त्या हौदानं जगवलं बघ सगळ्यांना,' हे तिचं ठरलेलं शेवटचं वाक्य. मी ते 'सगळ्यांना' उचललं आणि दोनशे वर्षं मागे नेऊन चिकटवलं.

गेल्या पावसाळ्यातल्या वॉकला एक काकू आल्या होत्या. सत्तरीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या. फडके हौदापाशी मी टाळ्यांचं वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या. त्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, 'बाळा, सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठी?'

मी गडबडलो. त्या म्हणाल्या, 'माझी आजी मंगळवार पेठेतली. ती सांगायची, हौदापाशी घागर ठेवून लांब उभं राहायचं. कुणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं, नाहीतर घागर उचलून परत.'

खरं सांगतो, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की काकू, याला काही रेफरन्स आहे का? नशीब, बोललो नाही. कारण माझ्या वाक्याला तरी कुठे रेफरन्स होता? माझी आजी होती. त्यांचीही आजीच होती. माझ्या आजीच्या आठवणीवर मी दोन वर्षं माइक लावून फिरत होतो आणि त्यांच्या आजीसाठी मला पुरावा हवा होता.

जे आधीच वाचायला हवं होतं

घरी येऊन वाचायला बसलो. शोधायला फार लांब जावंच लागलं नाही. शाळेच्या पुस्तकातली ओळ होती, पेपरात लिहून मार्क मिळवलेली: १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

आता हीच ओळ टेस्टरच्या नजरेने वाचा. शहरातले हौद सगळ्यांना खुले असते, तर एका माणसाला स्वतःच्या घरातला हौद खुला करावा का लागला असता? आणि त्याचा एवढा गाजावाजा का झाला असता? दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. मी मात्र दोन्ही डोक्यात शेजारी-शेजारी ठेवून बारावीपासून बीटेकपर्यंत आलो.

फुल्यांचा जन्म १८२७ चा, पेशवाई संपल्यानंतर जेमतेम नऊ वर्षांनी. म्हणजे त्यांच्या आसपासच्या वडीलधाऱ्यांनी ते राज्य डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या माणसांचं काय होत होतं, ते तिने त्यात सांगितलंय. एका चौदा वर्षांच्या मुलीने लिहून ठेवलेलं मी वाचलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे १८६८ ला संपलंही नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं.

मग एका रात्री जेवताना आजीला विचारलं, 'आजी, पुराच्या वेळी हौदावर सगळेच पाणी भरायचे का गं?'

'पुरात कोण कुणाला विचारतंय?' असं म्हणून ती भात कालवत राहिली. मग थोड्या वेळाने, मी काही न विचारता म्हणाली, 'एरवी मात्र वाड्यातल्या हौदाला ती मागच्या दारची बाई हात लावायची नाही. आम्हीच ओतायचो तिच्या घागरीत. वरून.'

१९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी आजीला काही बोललो नाही. तिला त्या बाईचं नाव आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाही याचं तिला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं.

बदललेला रस्ता

पूर्वी आमचा वॉक विश्रामबागवाड्याशी संपायचा आणि मग मिसळ. आता थोडा लांबतो.

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर आम्ही थांबतो, भिडे वाड्याच्या जागेपाशी. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जीर्ण झालेला वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. म्हणजे इथेही लाल महालासारखंच, जागा खरी, पण मूळ इमारत राहिलेली नाही.

पुढे मंडई. १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. १८७६ पासून काही वर्षं फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते, आणि एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. आता त्यांच्या नावाखाली भाजीची घासाघीस चालते. त्यांना याची गंमत वाटली असती का, माहीत नाही. घरची फुलं-भाज्यांची शेती असलेला माणूस होता, कदाचित वाटलीही असती.

तिथून गंज पेठ, फुले वाडा. इथे वॉक संपतो. छोटं, बसकं घर, अंगण, जोतीरावांची समाधी. शनिवारवाड्यापासून चालत आलात तर एका तासाच्या आत पोचता. इथे मी कात्रजच्या नळाची गोष्ट पूर्ण करतो. आता ती अशी सांगतो:

'नानासाहेबांच्या काळात कात्रजहून या शहरात पाणी आलं. पंप नसताना, नुसत्या उतारावर. ते काम थक्क करणारं आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटायला काही हरकत नाही. आठ-दहा किलोमीटर ते पाणी न अडता आलं. अडलं ते शेवटच्या चार हातांवर, हौदाच्या काठाशी. ते चार हात ओलांडायला सुरुवात या घरात झाली, १८६८ मध्ये.'

टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. एक-दोघं मेसेज करतात, 'चांगल्या वॉकमध्ये हे कशाला आणलं?' त्यांना माझं म्हणणं एवढंच की हे मी आणलेलं नाही, ते त्या हौदापाशीच होतं. मी दोन वर्षं ते गाळून सांगत होतो.

त्या काकूंना मी फोन करून नवा रस्ता सांगितला. त्या म्हणाल्या, 'येईन. पण जरा लवकर सुरू करा, ऊन होतं.' म्हणून पुढच्या वॉकची वेळ सातऐवजी साडेसहा केलीये.

तर मंडळी, ज्यांनी जुनं वाक्य ऐकलंय त्यांनी ते पुसून टाका. आणि तुमच्या घरात आजी-आजोबा असतील, तर पाणी कुठून भरायचात एवढंच विचारून बघा. मग जरा थांबा. दुसरं उत्तर उशिरा येतं.

येताना पाण्याची बाटली आणा, दोन आणलीत तर उत्तम. भेटू.