उपयुक्ततावाद

कृतीची नैतिक योग्यता तिच्यातून निपजणाऱ्या सुखदुःखावरून ठरवणारी नीतिशास्त्रातील विचारसरणी. तिची पद्धतशीर मांडणी इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. तीव्रता, टिकाऊपणा, निश्चितता, निकटता, सुखप्रसवता, शुद्धता व व्याप्ती या सात कसोट्यांवर सुख मोजावे आणि त्यात श्रीमंत-गरीब असा भेद करू नये, असे त्यांचे मत. शिक्षा हे स्वतःच दुःख असल्याने तिच्यामुळे अधिक मोठे दुःख टळत असेल तरच ती समर्थनीय ठरते. जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) यांनी सुखांत गुणात्मक भेद मानून बौद्धिक सुख शारीरिक सुखाहून श्रेष्ठ ठरवले.

खवळलेला जमाव शांत करण्यासाठी निरपराध माणसाला फाशी देणे योग्य ठरेल काय, हा या विचारावरील प्रमुख आक्षेप. नियम-उपयुक्ततावादी त्यावर सुटी कृती न तपासता, सर्वांनी पाळल्यास हितकर ठरेल असा नियम तपासतात. कर्त्याची बुद्धी न पाहता केवळ बाह्य परिणाम मोजण्यावर लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) टीका केली. तरीही कोणाचेही दुःख हिशेबातून वगळू नये, हा या विचाराचा आग्रह कायदा व लोकनीती यांना आजही मार्गदर्शक आहे.