औदुंबर : गाव आणि कविता

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याला साहित्याचे वारे दोन बाजूंनी लागले. किर्लोस्करवाडीच्या माळावर, नांगरांच्या कारखान्याशेजारी, 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ जन्मास आली. मागोमाग 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. इकडे कृष्णाकाठच्या औदुंबर या दत्तक्षेत्री कवी सुधांशु व त्यांच्या स्नेह्यांनी 1939 साली सदानंद साहित्य मंडळ स्थापून मकरसंक्रांतीस साहित्य संमेलन भरविण्याचा प्रघात पाडला.

याच नावाची बालकवींची आठ ओळींची कविता मात्र या गावाची नव्हे. ती एका झाडाची आहे. विद्यार्थ्यांना कवितेचे आशयसूत्र शोधावयास शिकविणाऱ्या शिक्षकाला हे नामसाम्य फार उपयोगी पडावे.

‘या कवितेत निसर्गवर्णन आहे’, असे परीक्षार्थी लिहितो. तो विषय झाला, सूत्र नव्हे. सूत्र शोधण्यासाठी कवीची नजर कशी सरकते ते पाहावे लागते. आरंभी निळसर प्रवाह व हिरवळ, मग लहानसे गाव, शेते, त्यांतून निघालेली पांढरी पाऊलवाट. आणि ती वाट पोहोचते कोठे, तर काळ्या पाण्याच्या डोहापाशी. तेथे एकटे झाड पाण्यात पाय सोडून बसलेले. माणसांच्या वस्तीकडून निश्चलतेकडे, उजेडाकडून काळोखाकडे अशी ही वाटचाल आहे. कोणी समीक्षकांनी येथे विरक्त योगी पाहिला, कोणी उदासीनता, तर कोणी केवळ सुंदर चित्र. माझ्या मते डोहाचा काळा रंग विसरून केलेले कोणतेही रसग्रहण अपुरेच राहील.

पलूसकडील मुलाला औदुंबर म्हणताच दत्तगुरू आठवणार, आणि ते स्वाभाविकच आहे. त्याला गप्प बसवू नये. कवितेत त्याला आधार कोठे, एवढेच विचारावे. हीच कसोटी आपणही स्वतःस लावावयास हवी. बालकवी अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले होते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त ते भेटतात. एवढ्यावरून त्या झाडात ख्रिस्ती ध्यानमग्नता शोधण्याचा मोह आपल्याला होतो. 1918 साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली कवीचा अंत झाला, म्हणून डोहात मृत्यूची चाहूल पाहणारेही आहेत. कवीचे चरित्र साक्षीला बोलवावे, पण निकाल ओळींनीच द्यावयाचा.

बाजारातील मार्गदर्शिका हा सारा खटाटोप वाचवितात. त्यांत ‘मध्यवर्ती कल्पना’ चार वाक्यांत तयार मिळते आणि मुले ती मुखोद्गत करतात. गुणही मिळतात, हे खरेच. पण अनोळखी कविता समोर आली की तीच मुले निरुत्तर होतात. त्यापेक्षा वर्गात ती आठ ओळींची कविता दोनदा सावकाश वाचावी, फळ्यावर रंगांची नावे क्रमाने लिहावीत आणि मुलांना विचारावे, ‘हा शेवटचा रंग येथे का आला?’ उत्तरासाठी दहा मिनिटे थांबावे लागले, तरी थांबावे.